एकच चांदणी, दोन वेळा

आज धुळ्यात पांझरेच्या काठी थांबलो. सूर्य बुडाला आणि पश्चिमेला शुक्राची चांदणी उमटली. काही महिन्यांपूर्वी हीच मला जळगावात, मेहरूण तलावावर, पहाटे पूर्वेला दिसायची. शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून मध्यरात्री तो इथे कधी भेटत नाही. साधारण साडेआठ महिने पहाटे, मग सूर्याआड दडणं, मग तितकेच महिने संध्याकाळी, पुन्हा थोडे दिवस दडणं. असं हे ५८४ दिवसांचं चक्र. त्या दडण्यालाच आपण शुक्राचा अस्त म्हणतो आणि घरातली लग्नं थांबवतो.

आकाशाचा हा अभ्यास आपल्याकडे जुनाच. चाळीसगावजवळच्या पाटणला गणिती आणि खगोलज्ञ भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. त्या मठाला १२०७ मध्ये दान मिळाल्याची नोंद तिथल्या शिलालेखात आहे. आठशे वर्षांपूर्वी आपल्या खानदेशात आकाश शिकवलं जात होतं, या विचाराने आजही ऊर भरून येतो.

शुक्र संध्याकाळी दिसत असेल तेव्हा मुलांना गच्चीवर न्या. दुर्बीण लागत नाही. तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो.