क्राउनचं ऑइल कुणी बदलावं?

रनाळे, दोंडाईचा, नंदुरबार या पट्ट्यात पोटापाण्यासाठी पळणाऱ्या बहुतेक गाड्या मागच्या चाकांच्या जोरावर चालतात. मिरचीची पोती नेणारी पिकअप, छोटा हत्ती, बोलेरो, माणसं कोंबून धावणारी क्रूझर, शाळेच्या पोरांची ईको, सगळ्यांचं तंत्र एकच. इंजिनाची ताकद लांब शाफ्टमधून मागे येते आणि मागच्या एक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्यातल्या क्राउन आणि पिनियन या दातेरी चाकांमधून दोन्ही चाकांना वाटली जाते. (स्विफ्ट किंवा अल्टोला हा गोळाच नसतो. हेच काम करणारं त्यांचं डिफरन्शियल पुढे गिअरबॉक्समध्येच बसवलेलं असतं, त्यामुळे त्यांच्या मालकांनी इथेच थांबलं तरी चालेल.) या गोळ्यातलं, म्हणजे हाऊसिंगमधलं ऑइल बदलणं हे गॅरेजचं काम समजलं जातं. माझं मत उलटं आहे. हे काम गाडीच्या मालकानं घरच्या अंगणात, स्वतःच्या हातानं करावं. वाचणारी मजुरी किरकोळ असते, तिच्यासाठी कुणी गाडीखाली शिरू नये. पण बाहेर पडणारं जुनं ऑइल ज्याला बघायला मिळतं, त्यालाच त्या गोळ्यात काय चाललंय ते कळतं, आणि हे कळायला दुसरी वाट जवळजवळ नाही.

इंजिनाची काळजी घ्यायला गाडीत बरंच काही असतं. ऑइलचा पंप असतो, फिल्टर असतो, पातळी बघायला डिपस्टिक असते, दाब पडला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. मागच्या एक्सलला यातलं काहीच नाही. क्राउन अर्धवट ऑइलमध्ये बुडालेला असतो, फिरताना तो ऑइल उडवतो आणि त्या शिंतोड्यांवर पिनियन आणि बेअरिंग जगतात. गाडी ताशी 60 किलोमीटरनं चालली असेल तर बोलेरोच्या मापाचं चाक मिनिटाला सुमारे 450 फेरे घेतं. क्राउन-पिनियनचं गुणोत्तर चारच्या आसपास धरलं तर पिनियन अठराशेच्या घरात फिरतो. शिवाय हे दात साधे नाहीत. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपेक्षा खाली बसवलेला असतो. या हायपॉइड रचनेमुळे शाफ्ट खाली जातो आणि गाडीचा तळ सपाट ठेवता येतो. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं 1926 मध्ये ती मोटारीत आणली. पण या सोयीची किंमत दातांना मोजावी लागते. ते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. त्या दाबाखाली साध्या तेलाचा थर तुटतो, म्हणून या ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. थर तुटलाच तर ती धातूशी संयोग पावून दातावर पातळ संरक्षक लेप तयार करतात. गिअर ऑइलचा डबा उघडल्यावर नाकात जाणारा उग्र दर्प त्याच गंधकाचा. आता जे काही झिजून पडतं त्याला बाहेर जायला जागा नाही आणि अडवायला फिल्टर नाही. ड्रेन प्लग उघडेपर्यंत ते आतच फिरत राहतं.

म्हणून जुनं ऑइल वाचायचं असतं. प्लगवर लोहचुंबक असेल (बऱ्याच गाड्यांत असतो) तर त्याच्यावर काजळासारखा मऊ, करडा लेप सापडतो. बोटांत चोळला तर कण लागत नाहीत. ही रोजची झीज आहे, तिची काळजी नको. तोच लेप खरखरीत लागला, त्यात सुईसारखे तुकडे किंवा चपट्या चकत्या दिसल्या, तर बेअरिंगचा किंवा दाताचा पृष्ठभाग सुटू लागलाय. ऑइल काळं असणं फारसं काही सांगत नाही, वयानं ते काळवंडतंच. पण ते ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर आत पाणी गेलंय. पाणी जातं कसं, हे इथल्या पावसाळ्यात समजून घेण्यासारखं आहे. एक्सलवर हवा आत-बाहेर करायला एक छोटा ब्रीदर असतो. चिखलानं तो बुजला की धावताना तापलेली हवा सीलवर दाब देते आणि ऑइल सीलमधून गळून ब्रेकच्या लायनरपर्यंत पोचतं. उलट, तापलेला एक्सल नाल्यावरच्या फरशीवरून वाहणाऱ्या गार पाण्यात शिरला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या कडेनं पाणी ओढलं जातं. बाहेरून काहीही दिसत नाही. गाडी तशीच चालते, आणि पाण्याशी मिसळलेलं ऑइल महिनोन्‌महिने बेअरिंग गंजवत राहतं.

इथे नेहमीचा प्रश्न येतो : आवाज यायला लागला की बघू, आधीच कशाला उचकायचं? हा हिशेब इंजिनाच्या सवयीतून आलेला आहे. इंजिन बिघडताना धूर सोडतं, तापतं, ताकद कमी करतं. क्राउन-पिनियन शेवटपर्यंत गप्प असतो. त्यातून घूं-घूं आवाज यायला लागतो तेव्हा दाताचा कडक केलेला वरचा थर गेलेला असतो, आणि गेलेला थर कोणतंही ऑइल परत आणत नाही. फार तर जाड ऑइल आवाज दाबतं. जुन्या गाड्या विकताना हाऊसिंगमध्ये 140 नंबर किंवा त्याहून घट्ट काहीतरी भरून शांतता विकायची क्लृप्ती म्हणूनच चालते. आवाजाचा उपयोग आहे, पण रोग कुठे आहे हे सांगण्यापुरता. ऍक्सिलरेटर दाबल्यावर येणारा आणि सोडल्यावर येणारा आवाज वेगळा असेल तर दाताची कोणती बाजू खाल्ली गेली याचा अंदाज येतो. चांदसैली किंवा तोरणमाळचा घाट लहान गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीत एरवी निवांत असणाऱ्या दुसऱ्या बाजूवरही भार येतो, हे सपाटीवर गाडी चालवणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कंपनीच्या इंजिनिअरांनी विचार करूनच मुदत दिली आहे. काही गाड्यांना तर हे ऑइल गाडीच्या आयुष्यभरासाठी असतं असं म्हणतात. मग आपण शहाणपणा का करायचा? कंपनीचं चूक आहे असं मी म्हणत नाही. मॅन्युअलचं पुढचं पान वाचावं एवढंच म्हणतो. बहुतेक मॅन्युअलमध्ये कठीण परिस्थितीसाठी वेगळा, आखूड तक्ता असतो. धूळ, जड ओझं, ओढून नेणं, चढ-उतार, पाण्यातून जाणं ही त्याची लक्षणं. नंदुरबारच्या बाजार समितीकडे हंगामात ओली लाल मिरची भरून जाणारी पिकअप यातल्या किती अटी पुऱ्या करते ते मालकानंच मोजावं. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणजे ऑइल गार व्हायलाही फारसा वाव नाही. आणि आयुष्यभर म्हणजे कुणाचं आयुष्य, हा प्रश्न उरतोच. चार-पाच वर्षांत गाडी बदलणाऱ्याचं आयुष्य वेगळं. तीच गाडी घेऊन पुढची दहा वर्षं हाकणाऱ्याचं वेगळं, आणि आपल्याकडे गाड्या दुसऱ्याच माणसाकडे जास्त वर्षं राबतात. सगळ्यात मोलाचा बदल पहिला. नवे दात एकमेकांत रुळताना सर्वांत जास्त कीस त्याच काळात पडतो, आणि नेमका तो बदल लोक टाळतात कारण गाडी नवी असते.

तिसरा आक्षेप : हे ज्याचं काम त्यानं करावं, मेकॅनिकच्या पोटावर पाय का आणायचा? बैलगाडीच्या काळात हा घोळ नव्हता. आरी-तुंबा बसवणं सुताराचं, धाव चढवणं लोहाराचं. पण वंगण घालणं गाडीवानाचं. त्याचं नळकांडं गाडीलाच लटकत असे, त्यासाठी कुणी सुताराच्या दारात जात नसे. तीच विभागणी आजही योग्य आहे. क्राउन-पिनियन खोलून नवा जोड बसवायचा, दातांमधली मोकळीक साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या आत आणायची, शिम घालून बेअरिंगचा ताण जमवायचा, दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते तपासायचं, ही उस्तादाची कामं आहेत. घरी कुणी त्यांच्या वाटेला जाऊ नये. ऑइल बदलणाऱ्यानं प्लगवरचा कीस एका कागदावर काढून त्याच उस्तादाला दाखवला, तर त्याचं काम सोपंच होतं. गॅरेजमध्ये मात्र हे ऑइल पोरगा सोडतो, आणि कुणी काही बघायच्या आत ते पिंपात जातं.

कामाचा एक नियम मोडायचा नाही : आधी भरायचा वरचा प्लग सोडवून बघायचा, मगच खालचा. वरचा गंजून बसला असेल आणि खालचा आधी उघडला तर गाडी अंगणात कोरड्या एक्सलवर अडकते. पाना नीट बसतोय याची खात्री करूनच जोर लावावा, कारण काही प्लगांना षटकोनी डोकं असतं, काहींना आत चौकोनी खाच, आणि खाच एकदा गोल झाली की मामला हातोडी-छिन्नीपर्यंत जातो. उघडण्याआधी प्लगभोवतीची माती तारेच्या ब्रशनं आणि चिंधीनं साफ करायची, नाहीतर वावरातली धूळ आपणच आत घालू. गाडी आधी थोडी फिरवून आणली की ऑइल पातळ होतं आणि कीस घेऊन बाहेर पडतं. बोलेरो किंवा रिकामी पिकअप इतकी उंच असते की जॅकची गरजच पडत नाही. उचलावीच लागली तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये, लोखंडी घोडी लावावी. विटा रचू नयेत, त्या न सांगता फुटतात. काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी हवी. आणि भरताना गाडी सपाटीवर असलीच पाहिजे, कारण पातळी म्हणजे वरच्या भोकाची खालची कड. मागची बाजू उचललेली असेल तर ही कड खोटं बोलते. साधारण एक ते दोन लिटर बसतं, नेमका आकडा आणि प्रत मॅन्युअलमध्ये. दुकानात नुसतं 90 नंबर मागू नये. तो फक्त जाडीचा आकडा आहे, आणि गरम असताना ती इंजिनाच्या 40-50 नंबर ऑइलच्या जवळपासच असते, कारण दोघांची मापं वेगळी. विचारायचं ते जीएल-5, म्हणजे हायपॉइड दातांसाठीच्या प्रतीचं, आहे का. तेच उरलेलं ऑइल गिअरबॉक्समध्ये मात्र ओतू नये, तिथल्या पितळी रिंगांना त्यातलं गंधक सोसेलच असं नाही. वॉशर नवे टाकावेत, ब्रीदर फिरवून मोकळा करावा. कडेच्या वर भरून जास्तीचं ऑइल म्हणजे जास्तीची काळजी असं समजणारे सील गळायची सोय करतात.

राहिला जुन्या ऑइलचा प्रश्न, आणि घरी काम करण्याविरुद्धचा हाच खरा आक्षेप आहे. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल धरलेलं आहे. गावात ते गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात किंवा बांधावर ओततात. गुरं खांब चाटतात, बांधाखाली विहिरीचे झरे असतात. त्यामुळे दोन्ही वाईट. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते गॅरेजच्या पिंपात नेऊन द्यावं, तिथून ते गोळा करणाऱ्याकडे जातं. त्यातलं पेलाभर मात्र काचेच्या बाटलीत घरी ठेवावं. चिकटपट्टीवर किलोमीटर आणि तारीख लिहावी, आणि पुढच्या वेळी नवी बाटली शेजारी धरून उजेडात दोन्ही पाहाव्यात.