भुसा तेल खात नाही

प्रिय सुनंदा,

कुवेतच्या बुरगान तेलक्षेत्रातल्या काळ्या वाळूबद्दल विचारलंस आणि त्याच पत्रात दादाच्या इंजिनघराशी कलंडलेल्या डिझेलच्या बॅरलबद्दलही. दोन्ही प्रश्न एकत्र आले ते बरंच झालं, कारण उत्तर एकाच दिशेला आहे.

तू कुवेतला गेलीस तेव्हा तिथल्या तेलविहिरींच्या आगी विझून बरीच वर्षं झाली होती. 1991मध्ये कुवेतमधून माघार घेताना इराकी फौजेनं सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या, त्यातली शेवटची नोव्हेंबरात बंद झाली. धुराचे फोटो तेव्हा सगळ्या जगानं पाहिले. पण जे तेल जळलं नाही, ते वाळवंटात तळी करून साचलं आणि खालच्या वाळूत मुरत गेलं. त्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं.

आता तुला कुणी सांगितलं की तिथं लाकडाचे तुकडे आणि कंपोस्ट मिसळून वाळू साफ करतात, आणि तुझा विश्वास बसेना. गोष्ट खरी आहे, फक्त भुसा तेल खातो असं समजू नकोस. तेल खातात जिवाणू, आणि ते बहुतेक ठिकाणी मातीत आधीपासूनच असतात. अडचण अशी की तेलानं माखलेल्या मातीत त्यांचा जीव गुदमरतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या बुजतात, हवा आत जात नाही, पाणी वरच्यावर निसटतं. कर्ब तर इतका की खाऊन संपू नये, पण शरीर वाढवायला लागणारं नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाहीच. काड, भुसा, चिपाडं मिसळली की माती भुसभुशीत होते, ओल टिकते, जिवाणूंना बसायला जागा मिळते. नव्वदच्या दशकात कुवेतच्या संशोधन संस्थेनं जपानी तंत्रज्ञांबरोबर बुरगानच्या मातीवर हे मोठ्या प्रमाणात करून पाहिलं. कुठं माती पसरून नांगरली, कुठं लांबट ढीग लावून ते परतत राहिले, कुठं ढिगात नळ्या घालून हवा खेळवली. साधारण वर्षभरात तेल बरंच कमी झालं. पन्नास अंशांच्या उन्हात ढीग ओला ठेवायचा म्हणजे काय, हे तू तिथं राहतेस म्हणून तुला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडेही हे झालंय, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. दिल्लीच्या टेरी संस्थेनं तेल खाणाऱ्या जिवाणूंचं एक मिश्रण तयार केलं, ‘ऑइलझॅपर’ नावाचं. ते जिवाणू बसवलेत कशावर, तर मक्याचे दाणे काढल्यावर उरणाऱ्या दांड्याच्या भुकटीवर! जो दांडा आपण चुलीत घालतो किंवा बांधावर टाकून देतो, त्याच्या बारीक छिद्रांत हे जीव तग धरतात आणि पिशव्यांत भरून तेलक्षेत्रापर्यंत जातात.

माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र तुझ्याच वाळवंटातली आहे. कुवेत विद्यापीठातल्या समीर रदवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेलानं भिजलेल्या वाळूत एक रानफूल उगवलेलं दिसलं, सूर्यफुलाच्या कुळातलं, पिवळं. उपटून पाहिलं तर मुळं पांढरी, स्वच्छ! मुळांभोवती तेल खाणारे जिवाणू दाटीनं राहत होते. 1995मध्ये ‘नेचर’मध्ये त्यावर छोटंसं टिपण छापून आलं. दरवर्षी हे वर्गात सांगताना मला तितकाच आनंद होतो.

मर्यादाही सांगते, नाहीतर दादा उद्या ट्रॉलीभर चिपाडं ओतेल आणि निवांत बसेल. नुसतं काड टाकून तेल टिपून घेतलं तर तेलाची फक्त जागा बदलते. ते तेलकट काड पेटवलं तर प्रदूषण हवेत गेलं. गव्हाच्या काडात एका भाग नत्रामागे ऐंशीच्या आसपास भाग कर्ब असतो. म्हणजे नत्र घातलं नाही तर काड कुजवणारे जिवाणू आणि तेल खाणारे जिवाणू एकाच ताटावर भांडत बसतात. डांबरासारखा जड भाग वर्षानुवर्षं हटत नाही, आणि जुन्या इंजिन ऑइलमधले धातू कोणताच जिवाणू खाऊन संपवू शकत नाही. म्हणून ‘एक पाकीट टाका, आठवड्यात माती शुद्ध’ असं कुणी विकायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

दादाचं काम त्या मानानं सोपं, कारण डिझेल हलकं असतं. भिजलेली माती खणून विहिरीपासून लांब, जाड प्लॅस्टिकवर घ्यायची, भोवती बांध घालायचा. त्यात बारीक केलेली चिपाडं, कुजलेलं शेणखत आणि थोडा युरिया नि सुपर फॉस्फेट मिसळायचं. ओल पिळलेल्या फडक्याइतकी, जास्त नको. दर दोन आठवड्यांनी परतायचं, पावसात झाकायचं. वास गेला म्हणजे काम झालं असं धरू नये. मातीतलं तेल प्रयोगशाळेत तपासून घ्यावं आणि तोवर तिथं भाजी किंवा चारा लावू नये. शेळ्यांनाही दूर ठेवावं.

एक मात्र तू त्याला आजच फोन करून विचार: बॅरल कलंडला तिथून विहीर किती फुटांवर आहे आणि उतार कोणत्या बाजूला आहे? विहिरीकडे असेल तर आधी पाणी तपासायचं आणि तोवर ते प्यायचं नाही. माती नंतर बघू. भावजींना नमस्कार सांग.

तुझी,
नलू