पाठीवरची थाप

आजीच्या पाठीवर थाप मारायला मी सात-आठ वर्षांचा असताना शिकलो. पंजा ओंजळीसारखा पोकळ धरायचा, मनगट सैल सोडायचं आणि बरगड्यांवर हलकेच थापटत राहायचं. त्याआधी वाफारा झालेला असे. कुशीवर निजवून कमरेखाली उशी दिली की छातीला उतार मिळे. आतली घरघर जागची हलायची, खोकल्याची उबळ यायची आणि घट्ट बेडका भांड्यात पडायचा. "सुटला रे बाबा," म्हणून ती डोळे मिटून घेई. कफ सुटणं हा त्या घरातला मोठा दिलासा होता.

म्हणूनच पुढे अण्णांना धाप लागू लागली तेव्हा माझे हात आपोआप त्याच कामाला लागले. वाफारा, अडुळशाचा काढा, थाप. तीन आठवडे. खोकला कोरडाच राहिला. सुटायला काही नव्हतंच.

डॉक्टरांनी अण्णांच्या पाठीवर डाव्या हाताचं मधलं बोट टेकवलं आणि उजव्याने त्यावर टिचकी मारत ते खाली उतरत गेले. वर पोकळ, मोकळा नाद. उजव्या खवाट्याखाली एकदम बद्द. माठ घेताना आई असाच वाजवून बघायची. ही तपासणी 1761 साली जगापुढे मांडणारे व्हिएन्नाचे डॉक्टर आऊएनब्रुगर एका खानावळवाल्याचे चिरंजीव. पिंपावर ठोकून आतलं मद्य कुठवर आहे ते जोखणं त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, असं सांगतात.

"पाणी झालंय," डॉक्टर म्हणाले. "पण फुप्फुसात नव्हे, फुप्फुसाबाहेर."

फुप्फुसाभोवती दुपदरी आवरण असतं. दोन्ही पदर एकमेकांवर सहज सरकावेत म्हणून त्यांच्यात एरवी दोन-चार चमचे ओलावा. अण्णांच्या तिथे पाणी साठत गेलं होतं आणि फुप्फुस वर दाबलं गेलं होतं. तिथून श्वासनळीकडे वाटच नाही. माणूस कितीही खोकला तरी ते पाणी घशाशी यायचं नाही. तीन आठवडे मी एका बंद दारावर थापा मारत होतो.

अण्णांना उशी कवटाळून पुढे वाकून बसवलं. जागा बधिर करून सुई बरगडीच्या वरच्या कडेला लागून आत गेली; खालच्या कडेला शिरा आणि नस असते, ती जपायची. काडाच्या रंगाचं पाणी बाटलीत उतरू लागलं, इतकं स्वच्छ, की आजाराचं वाटेना. साधारण दीड लिटरच्या पुढे एका वेळी काढत नाहीत; दबलेलं फुप्फुस फार झपाट्याने उघडलं तर त्यालाच सूज येऊ शकते. शेवटी अण्णांना खोकल्याची ढास लागली. मी घाबरलो. "फुप्फुस उघडतंय," डॉक्टर म्हणाले आणि सुई काढली.

पाणी क्षयाचं निघालं. सहा महिने गोळ्या चालल्या. पाणी काढलं त्या पहिल्या रात्री अण्णा कित्येक दिवसांनी डाव्या कुशीवर निजले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, थाप न मारता. बद्द वाजलेल्या जागी श्वासासरशी तळवा उचलला जात होता.