नवेगाव कोणतं, हे ॲपला कोण सांगणार?



आज धानावर नाही लिहीत. रोवणी चार दिवसांपूर्वी आटोपली, बांध्यांत पाणी धरलं आहे, खोडकिडीचं पुढच्या आठवड्यात पाहू. आज खोल्यांवर लिहितो. गेल्या महिनाभरात तिघांचे फोन आले, "भाऊ, तुमच्या खोल्या चालतात ना? मी पण शेतात दोन काढू का?" प्रत्येकाला अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकलेलं बरं.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो. आमचं शेत अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधच्या तलावाच्या अलीकडे. २०१९ मध्ये शेतातल्या घराला लागून दोन खोल्या काढल्या. बँकेचं कर्ज ४ लाख, बाकी घरचे. हप्ता महिन्याला ६,८००. हिशोब साधा होता. २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला आहे, नागपूरची गाडी साकोली-कोहमारा करत तीन तासांत येते, हिवाळ्यात तलावावर पक्षी पाहणारे येतात. हॉटेलात राहण्यापेक्षा शेतात राहू, असं म्हणणारे बरेच असतात. एक खोली १,८०० रुपये रात्र, नाश्ता-जेवण धरून. चिन्नोरचा भात, लाखोरीचे वडे, मिळाले तर तलावातले झिंगे. घरचीच्या हातचं जेवण कोणी नावाजलं नाही असं झालं नाही.

पोराने खोल्या एका ॲपवर टाकून दिल्या. ॲपचं नाव घेत नाही, मला भांडण काढायचं नाही. पंधरा टक्के ते कापून घेतात. कोरोनाची दोन वर्षं गेलीच. पण २०२२-२३ च्या हंगामात ५८ रात्री भरल्या, त्यातल्या ४५ ॲपवरून. हप्ता जवळपास निघाला. मी म्हटलं, चला, धानाला एक जोड झाली.

पुढच्या हंगामात १६ रात्री. ॲपवरून फक्त ५.

खोली तीच, गादी तीच, जेवण तेच. दर एक रुपयानं वाढवला नव्हता. आधी वाटलं लोकांकडे पैसा नाही. पण गेटवर जिप्सी तर भरून जात होत्या. मग कुठं राहत होते हे लोक?

हे कळायला मला चार महिने लागले, आणि ते कळलं पुण्याच्या भाच्यामुळे. मी माझ्या फोनवर ॲप उघडायचो तर आमच्या खोल्या पहिल्या दिसायच्या. मी निश्चिंत. भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या फोनला तुम्ही माहीत आहात. मी माझ्यावरून पाहतो." त्याने पाहिलं तर आम्ही खाली, खूप खाली, ३० च्याही पुढे. आणि त्याच्या वर जे होते त्यातले अर्धे आपल्या जिल्ह्यातलेच नव्हते.

झालं असं होतं की ॲपने शोधायची पद्धत बदलली होती. आधी माणूस गावाचं नाव लिहायचा आणि त्या गावची यादी यायची. आता नाव पूर्ण लिहायच्या आधीच ॲप सुचवतं आणि बहुतेक लोक जे वर येईल त्यावर बोट ठेवतात. आता आपली अडचण बघा. आपलं नवेगाव इंग्रजीत कोणी 'व्ही'ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू'ने. बांध कोणी जोडून लिहितो, कोणी तोडून, कोणी लिहीतच नाही. वरून ताडोब्यालाही एक नवेगाव गेट आहे, तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात. वाघ आणि नवेगाव म्हटलं की ॲपला ताडोबाच आठवतो. ताडोबा मोठं नाव आहे, त्यात ॲपचा दोष काय म्हणा. पण आमचं नवेगाव त्यात बुडालं. ज्या तलावासाठी कोहळी लोकांनी पिढ्यान् पिढ्या माती वाहिली, मारुती चितमपल्ली साहेबांनी ज्याच्यावर आख्खं पुस्तक लिहिलं, त्या नवेगावबांधला एका अक्षरासाठी रांगेत मागे उभं राहावं लागलं.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला त्या डिसेंबरात. एक कुटुंब आलं, पुण्याकडचं, नवरा-बायको, दोन लेकरं, सोबत आजी. रात्री साडेआठला पोचले. जेवले, खूष. मग साहेबांनी विचारलं, "सकाळी गेट किती लांब आहे?" मी म्हटलं, कोणतं गेट? त्यांनी फोन दाखवला. सफारी ताडोब्याच्या नवेगाव गेटची, सकाळची. आमच्या अंगणातून तिथं जायला साडेतीन-चार तास. लेकरं झोपलेली. ती आजी एवढंच म्हणाली, "अरे देवा." रात्री दोनला उठून निघाले. घरचीने उठून चहा केला, पोळ्या बांधून दिल्या. मी पैसे घेतले नाहीत असं नाही, पैसे ॲपने आधीच घेतले होते. मी माझ्या बाजूने परत करा म्हणून लिहिलं.

चार दिवसांनी त्यांचा शेरा आला. जागा छान, जेवण उत्तम, माणसं चांगली, पण चुकीच्या ठिकाणी पोचलो. पाचपैकी २ तारे.

आता गणित बघा. त्याआधी आमचे ९ शेरे, सगळे पाचचे. दहावा दोनचा. ४७ भागिले १०, म्हणजे ४.७. आठ आण्याचाही फरक नाही वाटत ना? पण मोठ्या हॉटेलचे ९०० शेरे असतात, तिथं एक दोनचा आला तर कोणाला कळत नाही. आमच्यासारख्याचा एका रात्रीत भाव उतरतो. ताऱ्यांचा वरचा गट करायचा तर ४.८ ची रेघ अशा ॲपवाल्यांना आवडते असं दिसतं. एअरबीएनबीवर सुपरहोस्ट व्हायलासुद्धा ४.८ च लागतात, वर ९० टक्के चौकशांना उत्तर, आणि आपल्याकडून रद्द केलेलं बुकिंग १ टक्क्याच्या आत. आमच्या खोल्या तिथं नाहीत, पण वारं सगळीकडे एकच वाहतं.

एअरबीएनबीचं नाव निघालं म्हणून सांगतो, कारण हा बदल जगात तिथून जास्त गाजला. मे २०२२ मध्ये त्यांनी शोधाचं तोंडच बदललं. गाव लिहिण्याऐवजी ५६ प्रकार करून समोर चित्रं ठेवली. शेतावरची घरं, तलावाकाठची घरं, भारी स्विमिंग पूलवाली घरं, असं. कोणतं घर कोणत्या प्रकारात जाईल ते आधी यंत्र ठरवायचं, घराचं नाव, वर्णन, फोटोखालच्या ओळी, पाहुण्यांचे शेरे वाचून, आणि मग माणसं तपासायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये पाहुण्यांच्या आवडीची २० लाख घरं त्यांनी वेगळी काढून त्यांना बिल्ला दिला. बिल्ला नसलेल्याने काय करायचं ते ज्याचं त्यानं पाहावं.

आमच्या ॲपनेही असेच चित्रांचे गट काढले. त्यात 'शेतावर' असा एक गट आहे. मी म्हटलं, हा तर आपलाच. आम्ही त्यात नव्हतो! तीन बाजूंना बांध्या, मागे बोडी, दारात तनसाचा ढीग, आणि ॲपच्या लेखी आम्ही शेतावर नाही. गटात होतं कोण? लॉन आणि झोपाळा लावलेलं एक रिसॉर्ट, जिथं कोथिंबिरीची काडी उगवत नाही. २०२० मध्ये सरकारने कृषी पर्यटन धोरण आणलं, त्यात मी नोंदणी केली आहे, प्रमाणपत्र भिंतीवर आहे. सरकारच्या कागदावर मी कृषी पर्यटन केंद्र आणि ॲपवर मी 'दोन खोल्या, पंखा, गरम पाणी'.

पण इथं चूक माझी होती हेही लिहितो. पोराने टाकलेले फोटो सगळे आतले. गादी, पंखा, संडासची टाइल. मलाच वाटायचं शहरातल्या माणसाला टाइल दाखवली पाहिजे, शेत काय दाखवायचं. नाव तरी काय ठेवलं होतं, 'आराम गेस्ट हाऊस'. यंत्राने बिचाऱ्याने शेत ओळखायचं कशावरून?

मग कृषी महाविद्यालयात शिकणारी पुतणी दिवाळीत आली होती, तिने दोन दिवस बसून सगळं नवीन केलं. कापणीच्या बांध्या, बोडीवरचे बगळे, चुलीवरचं जेवण, सकाळचं धुकं. नावात 'धानाचं शेत' घातलं. गावाचं नाव दोन्ही स्पेलिंगने, नागझिरा आणि गोंदिया जोडून. आणि वर्णनाची पहिलीच ओळ: हे ताडोब्याचं नवेगाव नाही. नकाशावरची खूण ग्रामपंचायतीवर पडली होती, ती उचलून शेतात आणली. तीन आठवड्यांनी 'शेतावर' गटात दिसायला लागलो.

उत्तर देण्याचं मात्र अजून जमलेलं नाही. चौकशीला किती वेळात उत्तर देता हेही ॲप मोजतं. आता जुलै ते सप्टेंबर जंगलाचे गेट बंद असतात, पण ऑक्टोबरची चौकशी जुलैतच येते, आणि जुलैत मी कुठं असतो? चिखलात. फोन धुऱ्यावर पिशवीत. घरी येईतो पाच तास झालेले. मागच्या वर्षी एका बाईंनी विचारलं, मी संध्याकाळी लिहिलं तर त्या म्हणाल्या, "काय जी, आम्ही दुसरीकडे घेतलं." गटातून खाली उतरायला असे चार-सहा पुरे. शेवटी फोन सुनेकडे दिला. ती घरकाम, लेकरू आणि ॲप तिन्ही सांभाळते. तिचा त्यातला वाटा मी वेगळा काढून ठेवतो, ते तिनेच सांगितलं आणि बरोबर सांगितलं.

मला राग कशाचा येतो ते सांगतो. धान खरेदी केंद्रावर ओलावा १७ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. आपण चिडतो, ग्रेडरशी भांडतो. पण मीटर आपल्यासमोर असतं. आकडा दिसतो. पोतं परत आणायचं, दोन दिवस वाळवायचं, पुन्हा न्यायचं. ॲपवर मी आज १२ वा आहे की ३२ वा, आणि का, हे दाखवणारं मीटर मला कोणी दाखवत नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, 'गुणवत्ता सुधारा'. कशाची? भाताची?

आणि हे कायद्याला धरूनही नाही, हे मला पुतणीने काढून दाखवलं. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० मध्ये आले. त्यात लिहिलं आहे की अशा बाजारवाल्या कंपनीने विक्रेत्यांचा क्रम कोणत्या मुख्य गोष्टींवर लावतो, कोणत्या गोष्टीला किती वजन देतो, हे सोप्या भाषेत सगळ्यांना दिसेल असं लिहावं. युरोपात जुलै २०२० पासून असाच कायदा लागू आहे. मी आमच्या ॲपवर ते पान शोधलं. पान सापडलं, इंग्रजीत, आणि त्यात 'अनेक घटक' एवढं लिहिलं होतं. सोपी भाषा तर खरीच.

मोठ्यांनाही हे चुकलं नाही बरं का. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाख आणि ओयोला १६८ कोटी ८८ लाखांचा दंड लावला. ओयोला झुकतं माप देऊन फॅबहॉटेल्स आणि ट्रीबो यांना यादीतून काढलं, हा विषय होता. त्यांच्याकडे वकील होते, दाद मागितली. दोन खोल्यांवाल्याला यादीतून काढलंच पाहिजे असं नाही, ३० व्या नंबरावर ठेवलं तरी तेच.

म्हणून फोन करणाऱ्या तिघांना माझं सांगणं असं. खोल्या काढा, पण ॲपच्या भरवशावर कर्ज काढू नका. घरात रिकामी खोली असेल तर तीच नीट करून एक हंगाम पाहा. आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव-नंबर त्यांना विचारून वहीत लिहा. माझ्या वहीत आता ६० च्या वर कुटुंबं आहेत. नवीन चिन्नोर निघाला की त्यांना एक मेसेज जातो. गेल्या हंगामात ३१ रात्री भरल्या, त्यात ॲपच्या १४ आणि वहीच्या १७. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या जत्रेचे दोन दिवस तर वहीतूनच भरतात, तिथं ॲपचा काही संबंध नाही. हप्त्याला अजून कमीच पडतं, उरलेलं धानातून भरतो. पण ॲप सोडलेलंही नाही, कारण वहीतला नवीन माणूस पहिल्यांदा तिथूनच येतो.

ती पुण्याची आजी आठवते? तिचा नंबर वहीत होता. मागच्या जानेवारीत तिने स्वतः फोन केला, "तुमच्याच नवेगावला यायचं आहे." दोन दिवस राहिली, लेकाला घेऊन. वाघ दिसला नाही. आपल्याकडे कधी कधी दिसत नाही, मी आधीच सांगतो. तलावावर सकाळी दोन तास बसून राहिली. जाताना लेकाला म्हणाली शेरा लिही. त्याने पाचचा लिहिला, पण आधीचा दोनचा काही निघत नाही.

आता १ ऑक्टोबरला गेट उघडेल. हलका धान कापायला येतो तोही त्याच सुमारास. पहिल्या आठवड्यातल्या दोन चौकशा सुनेने घेतल्या आहेत, मी म्हटलं तारीख बंद ठेव, मजूर मिळत नाही. ती म्हणते, तारीख बंद ठेवली की ॲप खाली ढकलतं. अजून ठरलेलं नाही. तालुक्यात कोणाकडे हार्वेस्टर रिकामं असेल तर खाली लिहा.