मोहोरबंद स्वारी

या, ओळख करून देतो. हे ट्रान्सक्रिप्ट. अमेरिकेत एमएसला जायचं मनात आणलं की मुलांना यांच्या दारात जावंच लागतं. अंगाने जाड कागद, माथ्यावर विद्यापीठाचं बोधचिन्ह, पायथ्याशी परीक्षा विभागाची सही. पाकिटाशिवाय बाहेर पडणं यांना कमीपणाचं वाटतं. पाकिटाच्या जोडावर सही, सहीवर गोल शिक्का, अर्धा झाकणावर आणि अर्धा खाली. मध्ये कुणी उघडलं तर लगेच कळावं.

स्वभाव संशयी. सगळ्यांत जास्त संशय, ज्याचे गुण आत आहेत त्याच्यावरच. आठ सेमिस्टर रात्री जागून ज्याने ते मिळवले, त्याने पाकीट उघडलं की स्वारी बाद. मग पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा रांग.

भाचीबरोबर यांना आणायला गेलो होतो. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, पडताळणीला मूळ प्रती, चलन, असा सरंजाम घेऊन खिडकीशी पोचलो, तर पाचव्या सेमिस्टरची पुनर्मूल्यांकनानंतरची गुणपत्रिका जोडायची राहिली होती. दुसऱ्या खेपेला साहेब बैठकीला. भाचीची त्या दिवशीची सबंध रजा तिथल्या बाकावर गेली आणि मला खरोखर संताप आला. तिसऱ्या खेपेला खिडकीमागच्या बाईंनी सहा पाकिटं आमच्यासमोर चिकटवली. एकावर शिक्का पुसट उठला, तर ते बाजूला टाकून त्यांनी नवं घेतलं. "तिकडून परत पाठवतील हो, पोरीचं वर्ष जायचं," म्हणाल्या आणि शाईवर हळूच फुंकर घातली. तेव्हा माझा राग निवळला. या गृहस्थांचा सगळा रुबाब अशा माणसांच्या हातावर उभा असतो.

नावाच्या बाबतीत मात्र ते कुणाचं ऐकत नाहीत. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर बहुधा आधी आडनाव, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. तिकडच्या पोर्टलवर खण दोनच ठळक: फर्स्ट नेम आणि लास्ट नेम. घाईघाईत गुणपत्रिकेच्या क्रमाने भरत गेलं, तर आडनाव पुढे येतं आणि आईचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसतं. मग जीआरईचा स्कोअर एका नावाने पोचतो, ट्रान्सक्रिप्ट दुसऱ्या, आणि एकाच मुलीचे दोन कागद एकमेकांना ओळख देत नाहीत. पुढे ईमेलवर ईमेल.

पण मला सगळ्यांत खुपतो तो यांचा अबोलपणा. आत लिहिलेलं असतं 62 टक्के. आपल्याकडे साठाला फर्स्ट क्लास सुरू होतो. तिकडे नव्वदीच्या आसपास 'ए' मिळतो आणि साठीतला आकडा म्हणजे जेमतेम पास. हा फरक कुणी तिथल्या वाचणाऱ्याला सांगायचा? ज्याच्या नावाने पाकीट आलं त्यानेच सांगायला नको का? काही विद्यापीठं डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून चाराच्या मापात बसवलेला हिशेब मागतात, त्याची फी वेगळी, वाट पाहणं वेगळं. तीन वर्षांच्या बीएस्सीवाल्यांची तर जास्तच कोंडी. तिकडची पदवी चार वर्षांची, म्हणून काही विभाग यांची पदवी पुरी धरतच नाहीत. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षाची सोय आणली, पण जी मुलं आधीच बाहेर पडली त्यांनी काय करायचं? प्रयोगशाळेत उभं राहून काढलेल्या तीन वर्षांबद्दल हे गृहस्थ एक शब्द काढत नाहीत. एवढ्या मोठ्या शिक्क्याने एवढं तरी बोलायला हवं होतं.

अलीकडे यांचा मान थोडा उतरला आहे. अर्ज करताना साधी स्कॅन केलेली प्रत पुष्कळ ठिकाणी चालते, मोहोरबंद पाकीट प्रवेश मिळाल्यावर मागतात. भाचीचा शेवटचा अर्ज 15 डिसेंबरचा होता. तिकडची पूर्व किनाऱ्यावरची रात्रीची 11:59 म्हणजे आपल्याकडे 16 तारखेची सकाळ, 10:29. सकाळी नऊला पोर्टलने फाइल फार मोठी आहे म्हणून परत केली. लहान केली तर शिक्का वाचता येईना. दहाला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने पानं नव्याने स्कॅन करून दिली. अर्ज गेल्यावर ती पायरीवरच बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

तिला प्रवेश मिळाला. सहांपैकी एकच पाकीट तिच्याबरोबर गेलं. उरलेली पाच तिच्या आईच्या कपाटात, साड्यांखाली आहेत. आता उघडली तरी कुणाचं काही बिघडणार नाही. परवा कपाट आवरताना बहिणीने ती बाहेर काढली, पदराने पुसली आणि शिक्क्याची बाजू वर करून परत ठेवून दिली.