मार्गे मूर्तिजापूर

माझा पुतण्या लंडनला असतो. हे वाक्य आमच्या घराण्यात हल्ली नमस्काराच्याही आधी उच्चारलं जातं, म्हणून मीही ते आधीच सांगून टाकलं. तर हा पुतण्या गेल्या हिवाळ्यात घरी आला आणि गप्पांच्या ओघात लंडनहून पॅरिसला जायचे किती प्रकार आहेत ते मला सांगू लागला. विमान तासा-सव्वातासात पोचवतं, पण विमानतळावर जाणं, रांगा, तपासण्या मिळून अर्धा दिवस खातं. रेल्वे 1994 पासून समुद्राखालच्या बोगद्यातून जाते, सव्वादोन तासांच्या आसपास. बस सर्वांत स्वस्त, पण रात्र मोडते. स्वतःची मोटार न्यायची तर तीही आगगाडीच्या पोटात घालून बोगदा पार करता येतो. त्याने वेळ, पैसा आणि दगदग असे तीन रकाने पाडून चक्क तक्ताच केला होता.

मी म्हटलं, ‘‘बाबू, दोन राजधान्यांमधला प्रवास कसा करावा, हे मी तुझ्या जन्माच्या आधीपासून तोलून पाहतो आहे.’’

‘‘कोणत्या राजधान्या, काका?’’

‘‘अमरावती आणि अकोला.’’

तो हसला. तुम्हीही हसला असाल. पण यात हसण्यासारखं काही नाही. एकोणिसाव्या शतकात निजामाकडून वऱ्हाड ताब्यात आल्यावर इंग्रजांनी त्याचे पूर्व वऱ्हाड आणि पश्चिम वऱ्हाड असे दोन भाग केले होते. पूर्वेचं ठाणं अमरावती, पश्चिमेचं अकोला. इंग्रज गेले, पण दोन्ही गावांच्या अंगातली राजधानी काही उतरली नाही. 1969 साली कृषी विद्यापीठ अकोल्याला झालं तेव्हा अमरावतीकरांनी ‘शेतीच ती’ म्हणून नाक मुरडलं. 1983 साली अमरावतीला विद्यापीठ झालं तेव्हा ते मुरडलेलं नाक सरळ झालं आणि अकोल्याचं वाकडं झालं. विभागीय आयुक्त अमरावतीला बसतात, हे अमरावतीचा माणूस चहा पिता पिता सहज सांगतो. अकोल्याचा माणूस त्यावर कापसाचा भाव सांगतो.

या दोन राजधान्यांमध्ये शंभराला थोडं कमी इतकं किलोमीटरचं अंतर. आमच्या घरात मात्र 1981 ते 1985 या काळात ते याहून पुष्कळ जास्त होतं. पण ते नंतर.

आधी एस.टी. विनाथांबा गाडी आणि साधी गाडी यांत फरक इतकाच, की साधी गाडी थांब्यावर थांबायची आणि विनाथांबा थांबा सोडून. त्यात मंडळाने ‘हात दाखवा, गाडी थांबवा’ अशी योजना काढली आणि बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंत रस्त्याकडेच्या प्रत्येक माणसाला आपल्याला हात असल्याचा साक्षात्कार झाला. एकदा एकाने गाडी थांबवून ड्रायव्हरला फक्त वेळ विचारली. ड्रायव्हरनेही घड्याळ पाहून ती सांगितली. वऱ्हाडात माणुसकी अजून शिल्लक होती, वेळ मात्र नव्हती.

रेल्वेची गोष्ट निराळी. रेल्वेने अकोल्याला जाणाऱ्या अमरावतीकराला आधी बडनेऱ्याला जावं लागतं. मुंबई-नागपूर ही मुख्य लाइन बडनेऱ्यावरून जाते, आणि अमरावतीला फक्त एक फाटा. जणू जेवणावळीत मोठ्या पंगतीत जागा न मिळालेल्या पाहुण्याला बाजूला पाट मांडून दिला आहे. बडनेऱ्याहून अकोला ऐंशी किलोमीटर; चांगली गाडी ते तासाभरात कापते. पण घरून रिक्षा, रिक्षातून बडनेरा, बडनेऱ्याला ‘गाडी थोडी लेट आहे’, आणि त्या ‘थोडी’चा अर्थ कळेपर्यंत दोन आलुबोंडे, हा हिशेब केला की एकूण अडीच-तीन तास होतात. एस.टी.ला तेवढेच. मित्राच्या मोटारीने गेलं तर मित्र वाटेत चार ओळखीच्यांकडे थांबतो, म्हणून तेवढेच. माझा सिद्धान्त असा, की अमरावतीहून अकोल्याला कशानेही गेलं तरी तीन तास लागतात. घाई केली तर साडेतीन.

विमानाचाही विचार झाला आहे. 16 एप्रिल 2025 रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. अकोल्यालाही शिवणीला धावपट्टी आहे. या दोन धावपट्ट्या एकमेकींना जोडल्या तर विमान वर चढून होईस्तोवर खाली उतरायची वेळ होईल, आणि तरीही, मला खात्री आहे, घरून घरी तीन तास लागतील.

आता त्या चार वर्षांविषयी. 1981 साली आमचे वडील वारले. दादा नोकरीमुळे अकोल्याला, मी अमरावतीच्या घरात. वाटणीत शेत, भांडी, कपाटं सगळं सुरळीत झालं आणि गाडी अडली ती बंगईवर. बंगई म्हणजे तुम्ही पुण्यामुंबईचे लोक ज्याला झोपाळा म्हणता ते. पण वऱ्हाडात बंगई हे फर्निचर नाही, ते घरातलं माणूस आहे. सागवानी फळी, पितळी कड्या. वडील त्यावर बसून पेपर वाचायचे आणि पायाने जमिनीला हलका रेटा द्यायचे. दादा म्हणाला, मी थोरला, बंगई मी नेणार. मी म्हणालो, ती माझ्या छताला आहे. दादा म्हणाला, छत बापाचं. मी म्हणालो, मग फळी तू ने, कड्या इथेच राहू दे. हे मी समेटासाठी म्हटलं होतं, पण दादाला ते लागलं. तो त्याच दुपारच्या गाडीने गेला आणि आमचं बोलणं बंद झालं. तो अमरावतीत पाऊल टाकीना, मी अकोल्यात.

राहता राहिली आई. सहा महिने इथे, सहा महिने तिथे असं तिनेच ठरवलं. तेव्हा प्रश्न आला की तिला पोचवायचं कुठे? दोन्ही राजधान्यांना एकमेकींच्या हद्दीत जायचं नव्हतं. मग माझी बायको आणि वहिनी यांनी पोस्टकार्डांवर तह केला: अदलाबदल मूर्तिजापूरला. बरोबर मध्ये.

पहिली अदलाबदल एस.टी. स्टँडवर झाली. माझी गाडी लागली, दादा शेडखाली उभाच होता. वळकटी, पिशवी, लोणच्याची बरणी, आई, असा माल क्रमाने हलला. चार मिनिटं. एक शब्द नाही. सरहद्दीवर कैदी बदलतात तेव्हासुद्धा अधिकारी निदान सलाम करतात म्हणे.

दुसऱ्या खेपेला मी रेल्वेचा आग्रह धरला, कारण दादाला एस.टी. आवडते. एक्स्प्रेस मूर्तिजापूरला दोन मिनिटं थांबली. त्या दोन मिनिटांत आई उतरली, वळकटी उतरली, आणि बरणी पुढे अकोल्याला एकटीच गेली. दादा बरणीकडे पाहत राहिला, मी दादाकडे. तेव्हाही बोललो नाही.

त्यानंतर आईने जाहीर केलं, ‘‘मी आता पाशिंजरनंच जाईन. मले त्या धावत्या गाडीचे चक्कर येतात.’’

भुसावळकडे जाणारी ही पॅसेंजर म्हणजे सहनशीलतेची परीक्षा होती. टाकळी, कुरुम, माना. जे स्टेशन दिसेल तिथे ती टेकायची. मूर्तिजापूरला तर तिला बाजूच्या लाइनवर घालून मागची मेल पुढे काढायचे. कधी एक, कधी दोन. अर्धा-पाऊण तास गाडी जागची हलायची नाही. शेजारच्या नॅरोगेजवर यवतमाळ-अचलपूरची शकुंतला वाफा सोडत उभी असायची. मूर्तिजापूर ते यवतमाळ 113 किलोमीटर ती ज्या चालीने जायची, ती पाहिली की आमच्या पॅसेंजरमधल्या माणसालाही आपण वेगवान युगात जगतो आहोत असं वाटे. (ती गाडी आता बंद आहे. वाफेचं इंजिन 1994 सालीच गेलं होतं.)

तर गाडी उभी. दादा अकोल्याहून येऊन डब्यात चढायचा, मी उतरायचा. पण आई खिडकीशी बसलेली, आणि म्हणायची, ‘‘गाडी कुठी चालली? बसा नं दोघं.’’ बसायला जागा दोनच, आईच्या समोर. खांद्याला खांदा लावून बसलो. मी साखळी ओढण्याच्या दंडाची सूचना वाचली. दादाने तीच वाचली. मेल धडधडत निघून गेली. आईने डबा उघडला. भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा. भाकर एका मोठ्या ताटलीत, ताटली एकच.

‘‘दुसरी?’’ मी विचारलं.

‘‘राह्यली घरी. वय झालं आता माहं.’’

पुढच्या खेपेलाही दुसरी ताटली राह्यली. त्याच्या पुढच्या खेपेला तांब्या एकच आला आणि तो दादाच्या बाजूला ठेवला गेला. ठेचा तिखट होता. मी अर्धा मिनिट तग धरला.

‘‘पाणी,’’ मी म्हटलं. कोणाला उद्देशून, ते मुद्दाम सांगितलं नाही.

दादाने तांब्या सरकवला. तीन वर्षांतला पहिला व्यवहार.

त्यानंतरच्या फेरीत आई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, ‘‘बंगईच्या कड्या लय करकर करून राह्यल्या.’’

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. शकुंतलेने शिटी दिली.

‘‘एरंडेल टाक म्हणा,’’ दादा शकुंतलेला म्हणाला.

‘‘टाकलं होतं,’’ मी त्याच शकुंतलेला सांगितलं.

‘‘कापसाच्या बोळ्यानं टाक. वरून ओतलं त खाली सांडते.’’

‘‘फळी काढून टाकू?’’

‘‘काऊन फळी काढतं बे? बाबा कधी काढत होते काय?’’

एवढं बोलणं झालं आणि सिग्नल पडला. मी घाईने उतरलो. गाडी हलल्यावर दादाने खिडकीतून मान काढली आणि ओरडून म्हणाला, ‘‘पुढच्या टाइमाले सरळ अकोल्यालेच घेऊन ये तिले! हे मधात मधात काय लावलं!’’

पुढच्या वेळी, 1985 च्या दिवाळीनंतर, मी बडनेऱ्याच्या खिडकीवर अकोल्याची दोन तिकिटं मागितली. एक्स्प्रेसची. आता मूर्तिजापूरला थांबायचं कारण नव्हतं. खिडकीतल्या बाबूने चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, ‘‘आजीबाईंना आज पॅसेंजर नको?’’

‘‘तुम्ही ओळखता?’’

‘‘ओळखतो म्हणजे! दोन वर्षांपूर्वी आल्या होत्या खिडकीवर. म्हणाल्या, मूर्तिजापूरले सगळ्यात जास्त टाइम थांबते ते गाडी कोनती? इतकी वर्षं या खुर्चीत बसलो साहेब, सगळे विचारतात कमीत कमी वेळ कोणत्या गाडीला लागतो. जास्तीत जास्त विचारणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. म्हणून लक्षात राहिलं.’’

मी मागे वळून पाहिलं. आई बाकावर वळकटीला टेकून बसली होती आणि पिशवीतल्या ताटल्या नीट रचत होती. दोन होत्या.

बंगई पुढे 1987 मध्ये अकोल्याला गेली. मीच टेम्पोत घालून नेली. मागे फळीवर उशी ठेवून वाऱ्यावर बसून गेलो. या मार्गावरचा इतका आरामशीर प्रवास मी आजवर केलेला नाही, पुतण्याच्या तक्त्यात त्याचा रकाना हवा. पण दादाच्या नव्या घराला स्लॅब होता आणि स्लॅबला कड्या अडकवायला आकडाच नव्हता. आठ दिवस फळी भिंतीला टेकून उभी राहिली. नवव्या दिवशी दादाच टेम्पो घेऊन अमरावतीत आला. आईने तिच्यावर पुढे नऊ वर्षं झोके घेतले.

महामार्गाबद्दल सांगायचं राहिलं. अमरावती-अकोला रस्त्याचं चौपदरीकरण इतकी वर्षं अडकलं होतं, की खड्डे कुठे संपतात आणि रस्ता कुठे सुरू होतो याबद्दल दोन मतं असत. आणि मग 2022 च्या जूनमध्ये, 3 तारखेपासून 7 तारखेपर्यंत, याच रस्त्यावर लोणी ते माना अखंड डांबरीकरण करून 105 तास 33 मिनिटांत एका पदराचा 75 किलोमीटर रस्ता टाकला. गिनेस बुकात विक्रम झाला. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, सुमारे 25 किलोमीटरचा. वऱ्हाडी माणूस असाच आहे; वर्षानुवर्षं बसून राहील आणि उठला की पाच दिवसांत जगाच्या पुढे. दादाने त्या दिवशी फोन केला, ‘‘आता दीड तासात येशील.’’ मी म्हटलं, ‘‘तीनच लागतील.’’

पुतण्याने परवाच्या सुट्टीत ते खोटं ठरवायचं मनावर घेतलं. दादा दिवाळीपासून माझ्याकडेच मुक्कामाला होता. त्याला परत न्यायला पुतण्याने गाडी काढली, मी पुढे, दादा मागे पाय लांब करून. घड्याळ लावून निघालो. रस्ता लोण्यासारखा. कुरुम गेलं, माना गेलं, पुतण्या खुशीत होता.

‘‘मूर्तिजापूरला आत घे,’’ मी म्हटलं.

‘‘कशाला, काका? पंचेचाळीस मिनिटांत अकोला येईल.’’

‘‘घे आत,’’ मागून दादा म्हणाला.

स्टेशनच्या फलाटावर एका बाकावर बसलो. नॅरोगेजच्या बाजूला आता गवत वाढलं आहे. वहिनीने भाकरी दिल्या होत्या. पुतण्या कागदी ताटल्या आणायला निघाला, तर दादाने त्याला हाताने खाली बसवलं. मुंबईकडची एक गाडी न थांबता निघून गेली. पुतण्याने तीनदा मनगटाकडे पाहिलं, चौथ्यांदा विचारलं, ‘‘बाबा, किती वेळ थांबायचं इथं?’’

दादाने ठेच्याचा घास घेतला, तांब्याकडे हात केला. मी तो सरकवला.

‘‘कड्यायले एरंडेल टाकतं नं?’’ दादाने विचारलं.

‘‘टाकतो.’’

‘‘बोळ्यानं?’’

‘‘बोळ्यानं.’’