शिलंगणाचं सोनं

दसऱ्याच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या वडवणीच्या शिवारात कापसाची पहिली वेचणी सुरू झालेली असते. ओसरीत कापसाचा ढीग आणि दारात आपट्याच्या फांद्या. शिलंगणाहून परतताना माणसं एकमेकांच्या हातावर पान ठेवतात : 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.' भावकीतला वर्षभराचा अबोला कधीकधी त्या पानावर सुटतो. खऱ्या सोन्याला हे जमल्याचं ऐकिवात नाही. वाटणीच्या वेळी अबोला धरायला लावणारं तेच.

या पानामागची, गुरुदक्षिणेसाठी रघू राजाकडे आलेल्या कौत्साची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. कालिदासानं ती 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात सांगितली, पण त्यात आपटा नाही. तो लोकांनी आपल्या मनानं लावला. मला तिथलं भांडण आवडतं. कुबेरानं पाडलेल्या राशीपुढे दोघं अडून बसलेत. गुरुदक्षिणेच्या चौदा कोटींवर काही नको, असं कौत्स म्हणतो. सगळंच घेऊन जा, असं रघू म्हणतो. सोन्यावरून इतकं उलटं भांडण मला दुसरं आठवत नाही.

कापूस आणि सोनं यांची या मुलखात फार जुनी गाठ आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात ते पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर येतं. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराला जाई. त्याच शतकात रोमचा प्लिनी कुरकुरत होता, की हिंदुस्थान दरसाल आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. त्यातला मोठा वाटा मिरीचा असेल. पण थोडा तरी इकडच्या कापूस वेचणाऱ्या बोटांचा असणारच.

पुढे व्हेनिसचा डुकाट आला. 1284 पासून पाडलेलं, साडेतीन ग्रॅमचं नाणं. त्यावर संत मार्कापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख. आपल्याकडे लोकांनी त्या जोडीत राम-सीता पाहिले आणि तसली नाणी पुतळ्या म्हणून माळेत ओवली. परक्या चित्राकडे इतक्या मोकळ्या नजरेनं पाहणं पढीक रसिकाला जमणार नाही.

कोरडवाहू मुलखात मात्र दागिना मिरवण्यापेक्षा अडीनडीला जास्त लागतो. पेरणीला बोरमाळ गहाण पडते, कापूस विकला की सुटते. पाऊस हुकला तर सुटत नाही. शहाण्णव गुंजांचा जुना तोळा. 2025 मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला, म्हणजे एका गुंजेलाच बाराशेच्या वर मोजायचे. तरी लग्नात मुलीच्या गळ्यात दोन मणी घालावेच लागतात.

त्या मण्यांसाठी ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली जाते. दसरा-दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची गाडी येते आणि जोडपी पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून हिशेबात 'एक कोयता'. खरं सीमोल्लंघन तेच करतात. सराफाच्या काट्यावर गुंजेनं मोजून घेतलेलं सोनं फडात टनांनी फेडायचं असतं, आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत फिटलं नाही, तर राहिलेली बाकी मुकादमाच्या वहीत पुढच्या हंगामावर चढते.